मोठेपणी घ्यायच्या लसी: आपापले अनुभव लिहावेत

रानजाई:
परिचयातील एका गृहस्थांना धनुर्वात झाल्याचे परवा कळले आणि माझ्या आत्याच्या यजमानांचे जुने आजारपण डोळ्यांपुढे उभे राहिले. बागेत काम करताना त्यांच्या तळपायात काटा रुतला होता, आणि जखम इतकी किरकोळ होती की जबडा आवळला जाईपर्यंत तिच्याकडे कोणाचे लक्षही गेले नाही. दीर्घ उपचारांनंतर ते वाचले, पण घरी सोडताना डॉक्टरांनी त्यांना धनुर्वाताची लस घ्यायला सांगितले, तेव्हा आम्ही सारे चक्रावलो. आजार होऊन गेल्यावर लस कशासाठी, असे विचारल्यावर त्यांनी समजावले की या जिवाणूचे विष एवढे जहाल असते की आजार घडवण्यास पुरेशी असलेली त्याची मात्राही प्रतिकारशक्ती निर्माण करण्यास अपुरी पडते, आणि म्हणून धनुर्वात एकाच माणसाला दुसऱ्यांदाही होऊ शकतो. हा जंतू मातीत वर्षानुवर्षे टिकून राहतो आणि माणसाकडून माणसाला लागत नाही. त्यामुळे आजूबाजूच्या सर्वांनी लस घेतलेली असली तरी आपल्याला तिचा काहीच आडोसा मिळत नाही. मुलांच्या लसींच्या तारखा घरात सर्वांना पाठ असतात, पण मोठ्यांपैकी कोणाला शेवटची लस कधी घेतली असे विचारले, तर बहुधा उत्तर येत नाही. आपल्या घरी काय घडले, ते जरूर लिहावे.

नीलमोहर:
आमच्या आईची कथा नागिणीची आहे. कमरेवरचे फोड काही आठवड्यांत सुकले, पण तिथली आग आणि ठणका कित्येक महिने गेला नाही, आणि साडीचा काठ लागला तरी तिच्या डोळ्यांत पाणी येत असे. ही नागीण तिला कोणाकडून लागली, याची घरात बरीच चर्चा झाली; प्रत्यक्षात लहानपणी झालेल्या कांजिण्यांचा विषाणूच मज्जातंतूंच्या मुळाशी सुप्त पडून असतो आणि वय वाढल्यावर किंवा प्रतिकारशक्ती खालावल्यावर पुन्हा डोके वर काढतो. यावर दोन मात्रांची लस आहे आणि पन्नाशीपुढील लोकांवर झालेल्या मोठ्या चाचण्यांत तिने ९० टक्क्यांहून अधिक संरक्षण दिले, हे समजल्यावर बाबांनी आणि दोन्ही काकांनी ती घेतली.

पाऊलवाट:
नीलमोहर, वाचून फार वाईट वाटले. तुमच्या आईंना आता कसे आहे, आणि नागीण होऊन गेलेल्यांनाही ही लस घेता येते का?

नीलमोहर:
आता ती बरी आहे, विचारल्याबद्दल आभार. नागीण पूर्ण ओसरल्यावर तिनेही लस घेतली. दंड दुखला आणि थोडी कणकण आली, पण आधीच्या वेदनांपुढे ते काहीच नव्हते, असे ती स्वतःच सांगते.

दवबिंदू:
मी परिचारिका आहे, त्यामुळे ‘ब’ प्रकारच्या काविळीची लस आमच्याकडे सर्वांना घ्यावी लागते. तीन मात्रा पूर्ण झाल्यावर एक-दोन महिन्यांनी रक्तातील प्रतिपिंडे तपासतात, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. माझ्या एका सहकारी ताईंच्या शरीरात ती पुरेशी तयारच झाली नव्हती. त्यांना पुन्हा पूर्ण मात्रा दिल्या आणि दुसऱ्या तपासणीत पातळी समाधानकारक आली. पुढे एकदा त्यांना वापरलेली सुई टोचली, तेव्हा त्या तपासणीचे मोल आम्हा सर्वांना कळले.
रानजाई, धनुर्वाताच्या लसीबरोबर घटसर्पाचाही विचार करावा. १९९० च्या दशकात पूर्वीच्या सोव्हिएत संघातील देशांत घटसर्पाची साथ आली, तेव्हा दीड लाखांहून अधिक लोकांना लागण झाली आणि त्यांत प्रौढांची संख्या मोठी होती, कारण बालपणीच्या लसीचे संरक्षण काळानुसार ओसरते. म्हणूनच नुसत्या धनुर्वाताच्या लसीऐवजी दोन्ही आजारांची एकत्रित लस, म्हणजे टीडी, दर १० वर्षांनी घ्यावी असे अनेक देशांत सांगितले जाते.

झुळूक:
सूनबाईंना सातव्या महिन्यात डांग्या खोकल्याची लस दिली, तेव्हा डॉक्टरांनी आम्हा आजी-आजोबांनाही ती घ्यायला सांगितले. आईच्या शरीरातील प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात आणि त्याची स्वतःची लस सुरू होईपर्यंतचे नाजूक आठवडे सांभाळतात. मोठ्यांना मात्र हा आजार साध्या रेंगाळलेल्या खोकल्यासारखा वाटतो आणि तो घरातूनच तान्ह्या बाळापर्यंत पोचतो. आमच्या ह्यांना इंजेक्शनचे भय आहे, तरी नातवासाठी ते सर्वांत आधी तयार झाले.

उंबरठा:
झुळूक, आपण लिहिलेले मला फार जवळचे वाटले. माझ्या पतींचे मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले आहे. नवे मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून त्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवावी लागते, त्यामुळे जिवंत विषाणूंपासून बनवलेल्या लसी, उदाहरणार्थ गोवर आणि कांजिण्यांच्या, त्यांना आता देता येत नाहीत, आणि ज्या देता येतात त्यांचाही परिणाम कमी होतो. त्यांच्या भोवतीच्या माणसांनी लसी घेतलेल्या असणे हेच त्यांचे मोठे संरक्षण आहे. मोठ्या जाऊबाई दरवर्षी आठवणीने फ्लूची लस घेतात आणि मगच भेटायला येतात, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

काठावरचा:
फ्लूची लस दरवर्षी का घ्यावी लागते, हे कोणी सांगू शकेल काय? सासऱ्यांना मधुमेह आहे आणि ते याच प्रश्नावर अडून बसले आहेत.

दवबिंदू:
हा विषाणू सतत रूप बदलतो, म्हणून पुढच्या मोसमाच्या लसीत कोणते प्रकार असावेत याची शिफारस जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा करते, एकदा उत्तर गोलार्धासाठी आणि एकदा दक्षिण गोलार्धासाठी. शिवाय मागच्या लसीचे संरक्षणही हळूहळू उतरते. सासऱ्यांना हेही सांगावे की फ्लू झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका कित्येक पटींनी वाढलेला आढळला आहे, आणि मधुमेहींचे हृदय आधीच जोखमीत असते. लसीचा परिणाम दिसायला सुमारे दोन आठवडे लागतात, तेव्हा साथीची वाट पाहू नये. न्यूमोनियाच्या लसीबद्दलही त्याच भेटीत विचारून घ्यावे.

पाऊलवाट:
अपघातानंतर माझ्या भावाची प्लीहा काढावी लागली, तेव्हा न्यूमोनियाच्या आणि मेंदूज्वराच्या लसी देण्यात आल्या, कारण या जंतूंना रक्तातून गाळून काढण्याचे मोठे काम प्लीहाच करते. त्याची एक मात्रा बदलीच्या धावपळीत राहून गेली आहे. आता सर्व पहिल्यापासून घ्यावे लागेल काय?

दवबिंदू:
बहुतेक लसींच्या बाबतीत तसे करावे लागत नाही. जिथे खंड पडला तिथून उरलेली मात्रा पुढे देतात. भावाच्या बाबतीत मात्र आणखी थांबू नका, आणि जाताना शस्त्रक्रियेचे कागद सोबत न्या.

पाऊलवाट:
मनापासून आभार, ताई. कागद आजच काढून ठेवते आणि उद्या त्याला घेऊन जाते.