स्कायडायव्हिंगसाठी घरच्या घरी तयारी

प्रश्न : येत्या हिवाळ्यात विमानातून प्रशिक्षकासोबत टँडम (म्हणजे त्याच्या पट्ट्याला जोडून घेतलेली) उडी घ्यायची आहे; मात्र कंबर ताठर असल्याने व्यायामशाळेत न जाता कोणती तयारी करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पहिले उत्तर : पॅराशूट उघडेपर्यंत ताशी सुमारे २०० किलोमीटर वेगाने खाली येताना पोट जमिनीकडे, कंबर पुढे आणि पाय मागे दुमडलेले अशी शरीराची कमान टिकवावी लागते, म्हणून भुजंगासन व शलभासन यांना पर्याय नाही, असे माझे ठाम मत आहे. सतरंजीवर पालथे पडून छाती आणि पाय एकाच वेळी उचला. श्वास मात्र रोखू नका.

दुसरे उत्तर : जमिनीवर उतरताना पाय समोर उचलून धरावे लागतात, याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. खुर्चीच्या कडेवर बसून गुडघे छातीकडे घ्यावेत व मग पाय सरळ करावेत.

तिसरे उत्तर : कंबरेचे जुने दुखणे असल्यास आधी डॉक्टरांना अवश्य दाखवावे.