एमएसच्या गोळीनंतर लिम्फोसाइट 1900 वरून 430 वर, गोळी बंद करायची का?

शेवंती
नमस्कार मंडळी, माझ्या धाकट्या बहिणीला एमएस आहे म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, स्वतःचीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर हल्ला करते तो आजार, दोन वर्षं इंजेक्शनं झाली आणि आता डॉक्टरांनी फिंगोलिमॉड 0.5 मिलिग्रॅम रोज एक अशी गोळी दिलीय. पहिल्या गोळीला सहा तास बसवून ठेवलं, दर तासाला नाडी आणि बीपी, नाडी 76 ची 58 झाली तेव्हाच माझा जीव टांगणीला लागला होता. आता दोन महिन्यांनी सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी केली तर लिम्फोसाइट (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) 1900 चे 430! डॉक्टर म्हणाले अपेक्षितच आहे, पण ओपीडीत इतकी गर्दी की पुढचं विचारायचं राहूनच गेलं. आई म्हणते ही गोळी पेशी मारतेय, बंद करा. आणि ही गोळी म्हणे शरीरातल्या एका स्निग्ध पदार्थाची नक्कल आहे, मग तिचं तेल-तूप बंद करायचं का?

पेशीवाला
ताई, मी लिपिडवरच (म्हणजे स्निग्ध पदार्थांवर) पीएचडी करतोय, म्हणून जरा लांब लिहितो. आधी आईंना सांगा की पेशी मेल्या नाहीयेत, लिम्फ नोड म्हणजे लसिका गाठींमध्ये अडकल्यात. आपल्या पेशींच्या पडद्यातल्या लिपिडपासून निरोप पोचवणारे छोटे रेणू बनतात, त्यातलाच एक एस-वन-पी, म्हणजे स्फिंगोसिन-1-फॉस्फेट, गोळी नक्कल करते ती याचीच. रक्तातल्या लाल पेशी आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर तो रक्तात सोडतात, एचडीएल (कोलेस्टेरॉल वाहणारे कण) आणि अल्ब्युमिन हे प्रथिन तो वाहून नेतात. रक्तात तो भरपूर, पण लिम्फ नोडच्या आत एन्झाइम त्याला मोडत राहतात म्हणून तिथे अगदी कमी. लिम्फोसाइटवर त्याचा रिसेप्टर म्हणजे निरोप पकडणारा रेणू असतो, त्याच्या जोरावर ती जास्त एस-वन-पीच्या दिशेने सरकत नोडमधून बाहेर पडते. फिंगोलिमॉडला शरीरात फॉस्फेट जोडलं गेलं की ते हुबेहूब एस-वन-पीसारखं त्या रिसेप्टरवर बसतं, आणि पेशी तो रिसेप्टर आत ओढून मोडूनच टाकते. दार उघडं असतं पण पेशीला बाहेरचा वासच येत नाही! त्यामुळे मेंदूत जाऊन मायलिनवर म्हणजे नसांच्या आवरणावर हल्ला करणाऱ्या पेशी नोडमध्येच थांबतात. रक्तातला आकडा मूळच्या 20 ते 30 टक्क्यांवर येतो, तुमचे 430 त्यातच बसतात.

नाडीचंही तेच, हृदयातही हे रिसेप्टर आहेत, गोळी आधी त्यांना चेतवते म्हणून पहिल्या दिवशी ठोके मंदावतात, मग रिसेप्टरच कमी झाले की नाडी हळूहळू जागेवर येते. तेल-तुपाशी याचा संबंध नाही, एस-वन-पी शरीर स्वतः बनवतं, गोळी जेवणाआधी घ्या नाहीतर नंतर.

मला या औषधाचा जन्मच फार आवडतो, किड्यांवर वाढणाऱ्या एका बुरशीतल्या रेणूवरून जपानमध्ये फुजिता यांच्या टीमने ते घडवलं आणि 2010 साली अमेरिकेत एमएसची पहिली तोंडाने घ्यायची गोळी म्हणून मंजुरी मिळाली. यातला स्फिंगोसिन हा शब्द तर 1884 चा, थुडिखुम नावाच्या डॉक्टरने मेंदूतल्या या कोड्यात टाकणाऱ्या पदार्थाला ग्रीक पुराणातल्या कोडी घालणाऱ्या स्फिंक्सवरून दिलेला.

नाशिकचा विनू
माझ्या मिसेसला चार वर्षं झाली याच गोळीवर. मनाने बंद अजिबात करू नका, अडकलेल्या पेशी महिना-दोन महिन्यांत परत रक्तात येतात आणि काही जणांना आधीपेक्षा जोरदार एमएसचा अटॅक येतो. 14 दिवसांच्या वर खंड पडला तर पुन्हा ते सहा तास बसणं आलंच. आकडा 200 च्या खाली गेला तर डॉक्टर सहसा थांबवतात, तोवर नियमित सीबीसी. तीन-चार महिन्यांनी डोळ्याचा पडदा तपासून घ्या, सूज येऊ शकते, आम्ही ते विसरलो होतो आणि नशिबाने काही निघालं नाही. ताप, नागीण असलं काही दिसलं तर लगेच फोन करा, आणि जिवंत जंतूंच्या लशी घ्यायच्या नाहीत.

शेवंती
दोघांचे खूप खूप आभार, आईला सगळं वाचून दाखवलं, ती गोळी चालू ठेवायला तयार झालीय. एकच विचारते, बहिणीचं लग्न ठरतंय, पुढे बाळाचं कसं?

पेशीवाला
हे आत्ताच डॉक्टरांना सांगा ताई. गर्भात रक्तवाहिन्या घडायलाही हाच रिसेप्टर लागतो, तो नसलेले उंदीर गर्भातच रक्तस्राव होऊन मरतात. म्हणून गोळीवर असताना गर्भधारणा टाळायचीच, आणि बाळ हवं असेल तर निदान दोन महिने आधी गोळी थांबवावी लागते. पण विनूदादांनी सांगितलं तो अटॅकचा धोका आहेच, तेव्हा मधल्या काळात कुठलं औषध ते न्यूरॉलॉजिस्टना आधी ठरवू द्या आणि मगच गोळी थांबवा.