पूल : एट-बॉलमध्ये ब्रेक बेकायदा ठरला तर पुढे काय? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एट-बॉलच्या एका नियमावरून आमच्यात वाद पेटलाय. समोरच्याने ब्रेक (डावाचा पहिला फटका) इतका हळू मारला की रॅक (त्रिकोणात रचलेले बॉल) जेमतेम सुटला. पॉकेटमध्ये काहीच गेलं नाही, दोन बॉल कुशनला (टेबलाच्या कडेला) लागले आणि बाकीचे तिथेच घोळका करून बसले. पांढरा बॉल टेबलावरच होता. एक जण म्हणतो हा फाउल, बॉल इन हॅन्ड घ्या (म्हणजे पांढरा हातात घेऊन हवा तिथे ठेवा). दुसरा म्हणतो, आहे तसं खेळा. तिसऱ्याच्या मते ज्याने मारला त्यानेच पुन्हा मारायचा. बरोबर कोण? आणि ‘चार बॉल कुशनला’ म्हणतात त्यात पांढरा धरायचा का?

प्रतिसाद १

जागतिक पूल संघटनेच्या (डब्ल्यूपीए) नियमांनुसार सांगतो. ब्रेकवर एक तरी बॉल पॉकेट व्हायला हवा, नाहीतर किमान ४ बॉल कुशनपर्यंत जायला हवेत. पांढरा त्यात धरत नाहीत. एकच बॉल दोन कुशनला लागला तरी तो एकच.

तुमचा ब्रेक बेकायदा होता, पण एट-बॉलमध्ये तेवढ्यानेच फाउल होत नाही! त्यामुळे बॉल इन हॅन्ड मिळत नाही. तुमच्यापुढे तीन वाटा होत्या : टेबल आहे तसं घेऊन खेळणं, पुन्हा रॅक लावून स्वतः ब्रेक मारणं, किंवा रॅक लावून त्यालाच पुन्हा मारायला लावणं. म्हणजे तुमचे दुसरे आणि तिसरे मित्र दोघंही अर्धे बरोबर. निवड मात्र सर्वस्वी तुमची, त्याची नाही.

मला विचाराल तर स्वतः ब्रेक मारावा. घोळका न फुटलेल्या टेबलावर पहिली खेळी तुम्हाला करावी लागते आणि तो फोडायचं ओझंही तुमच्यावरच येतं. सेफ्टी (समोरच्याला सोपा फटका न ठेवणारी बचावाची खेळी) पक्की जमत असेल तरच तसं टेबल घ्यावं.

धागाकर्ता

मनापासून आभार. आता कळलं की तिघंही इतक्या ठामपणे का बोलत होते. मग ब्रेक चांगला बसला, पण पांढरा पॉकेटमध्ये गेला तर?

प्रतिसाद १

तो स्क्रॅच, म्हणजे खराखुरा फाउल. पांढरा तुमच्या हातात येतो, पण हेड स्ट्रिंगच्या (ब्रेक मारतात त्या बाजूच्या आडव्या रेषेच्या) मागेच ठेवायचा, टेबलावर कुठेही नाही. ब्रेकवर एखादा बॉल टेबलाबाहेर उडाला तर तोही फाउल. तो बॉल बाहेरच राहतो, फक्त ८ नंबरचा असेल तर परत स्पॉटवर (रॅकच्या टोकाच्या ठरलेल्या खुणेवर) येतो. कायदेशीर ब्रेकवर ८ नंबर पॉकेट झाला तर डाव जिंकला असं बरेच जण धरतात. या नियमांत तसं नाही. मारणाऱ्याने तो स्पॉट करून पुढे खेळायचं किंवा नव्याने ब्रेक घ्यायचा.

प्रतिसाद २

वरचं सगळं एट-बॉलपुरतं, हे लक्षात असू द्या. नाइन-बॉलमध्ये पांढरा आधी १ नंबरला लागावाच लागतो, आणि काही पॉकेट न होता ४ बॉल कुशनला गेले नाहीत तर तिथे सरळ फाउल. मग बॉल इन हॅन्ड, तोही टेबलावर कुठेही. तुमचा पहिला मित्र बहुधा नाइन-बॉल जास्त खेळत असावा. काही स्पर्धा ब्रेकसाठी आणखी कडक अटी घालतात, तेव्हा पहिला रॅक लावण्याआधीच विचारून घ्या.