शेपूट आहे म्हणून विंचू नव्हे

अंबरमध्ये, म्हणजे झाडाच्या दगड झालेल्या डिंकात, सापडलेला कायमेराराक्नी हा शेपटीवाला जीव विंचवाच्या कुळातला असणार, असं कुणी म्हणतं. शेपटीमुळे तसं वाटतं खरं, पण त्या शेपटीला नांगी नाही, आणि पोटाखाली रेशीम सोडणारे अवयव आहेत. विंचवाला ते नसतात. हा जीव म्यानमारच्या काचिन भागातला, सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीचा. अंग जेमतेम अडीच मिलिमीटर आणि शेपूट त्याहून लांब, चाबकाच्या वादीसारखं! २०१८मध्ये दोन शोधनिबंध आले. एकात तो कोळ्यांचा सगळ्यात जवळचा नातलग ठरला, दुसऱ्यात नामशेष झालेल्या शेपटीवाल्या गटातला. मला थक्क केलं ते नराच्या तोंडाजवळच्या स्पर्शपादांनी: वीर्य पोचवण्यासाठी टोकाला बदललेले, अगदी आजच्या कोळ्यांसारखे.