सिनिगांगसाठी चिंचच हवी का? फिलिपिनी स्वयंपाकातील आंबट फळांविषयी

प्रश्न : दोहावासी

नमस्कार. येथे माझे बरेचसे सहकारी फिलिपिनी असल्यामुळे सिनिगांग हे त्यांचे आंबट, पातळ, भातावर ओतून खायचे कालवण मला चांगलेच परिचयाचे झाले आहे आणि आता ते घरीही होते. दुकानांत त्याच्या मसाल्याची जी पाकिटे मिळतात ती जवळजवळ सगळी चिंचेची असतात. परंतु पानाय बेटावरच्या इलोइलो शहराचा एक सहकारी सांगतो की त्याच्या घरी चिंचेऐवजी बातुआन नावाचे फळ घालतात, तर बातांगासचा दुसरा कामियासचे नाव घेतो. ही फळे एकमेकांच्या जागी चालतात, की प्रत्येकाचा पदार्थ ठरलेला आहे? आणि आपल्या कोकम, अंबाडा, बिंबली यांच्याशी त्यांचे काही नाते आहे का? जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

प्रतिसाद : सागरिका

आपल्या इलोइलोच्या सहकाऱ्याचे म्हणणे योग्य आहे. नोकरीनिमित्त माझे तेथे वास्तव्य होते, म्हणून पानाय आणि नेग्रोस या बेटांपुरते खात्रीने लिहू शकते. बातुआन हे कोकमाच्याच, म्हणजे गार्सिनिया प्रजातीतले फळ असून ते हिरवे, गोल, किंचित चपटे आणि टणक असते. ते चिरत नाहीत. काही फळे अख्खीच उकळत्या रश्श्यात सोडतात, मऊ पडली की पळीने वाटीत काढून थोड्या रश्श्यात कुस्करतात, बिया बाजूला करतात आणि चव घेत घेत तो कोळ परत ओततात. आंबटपणा किती हवा हे प्रत्येक घर याच वेळी ठरवते, आणि ही सोय पाकिटात नाही.

तेथील दोन पदार्थ बातुआनशिवाय होतच नाहीत असे मानले जाते. पहिला काद्योस, बाबोय, लांका, अर्थात तुरीचे दाणे, डुकराचे मांस आणि कच्चा फणस. तुरीच्या गडद दाण्यांमुळे त्याचा रस्सा करडा-जांभळा होतो, दिसायला साधा वाटतो, पण तूर आणि फणस आपल्याही घरचे असल्याने मराठी जिभेला तो लगेच ओळखीचा लागतो. दुसरा कान्सी. त्यात गाईच्या पायाची मगजासकट हाडे गवती चहाबरोबर फार वेळ शिजवतात. त्या जड, तुपकट रश्श्याला बातुआनचा आंबटपणाच पेलतो. चिंचेने केलेली कान्सी मी खाल्ली आहे. ती वाईट नव्हती, पण तिला कान्सी म्हणायला बाकोलोदचा माणूस (नेग्रोसवरच्या त्या शहरातला) तयार होणार नाही.

प्रतिसाद : पानवेल

सागरिकाताईंनी विसायास, म्हणजे पानाय-नेग्रोस ज्यात येतात त्या मधल्या बेटांविषयी लिहिलेच आहे, मी लुझोन या उत्तरेकडच्या मोठ्या बेटाची भर घालतो. चिंच मूळची आफ्रिकेतली, तर पेरू स्पॅनिश काळात अमेरिकेतून आलेला. दोन्ही तेथे पूर्ण रुजले आहेत आणि पिकलेल्या पेरूचे, गोडसर वासाचे सिनिगांग पांपांगा प्रांताचा अभिमानाचा पदार्थ आहे. तरीही चिंचेच्या पाकिटामागे तेथील आसपासच्या रानातली फळे झाकली जातात याचे मला मनापासून वाईट वाटते.

कामियास थेट खोडावर घोसांनी लागतो. साल इतकी पातळ की तोडलेले फळ फार टिकत नाही, म्हणून ते बाजारापेक्षा परसातच अधिक भेटते. बातांगासमध्ये ते उन्हात वाळवून ठेवतात आणि तुलिंगान नावाच्या लहान कुप्यासारख्या माशासाठी वापरतात. मासा साफ करून, बाजूंना चिरा देऊन, तळहाताने दाबून चपटा करतात व मीठ चोळतात. मातीच्या मडक्याच्या तळाशी वाळवलेल्या कामियासचा थर देऊन त्यावर मासे रचतात, थोडी डुकराची चरबी घालतात आणि मंद आचेवर तासन्‌तास ठेवतात. शेवटी तळाशी उरणारा खारट-आंबट रस भातावर घेतात.

लुझोनच्याच बिकोल भागात सांतोल या फळाचा जाड गर किसून, पिळून, नारळाच्या दुधात मिरची व कोलंबीच्या खारवलेल्या लगद्याबरोबर शिजवतात. कात्मोनचा उल्लेखही करायला हवा, कारण हे झाड फक्त फिलिपिन्समध्ये आढळते, आपल्या करमळाचे सख्खे भावंड आहे आणि त्याचे फूल 2018 पासूनच्या 25 सेंटिमोंच्या नाण्यावर आहे. त्याचे आंबट फळही सिनिगांगमध्ये जाते, मात्र शहरातल्या मंडईत ते सहसा दिसत नाही.

प्रतिसाद : रातांबा

नात्याविषयी विचारले आहे म्हणून लिहितो. कामियास आणि गोव्या-कोकणातली बिंबली ही एकच जात. विसायास व बिकोलमध्ये माशाच्या रश्श्यात ज्या लिबासची कोवळी पाने घालतात तो आपला अंबाडा. आपण फळ वापरतो, ते प्रामुख्याने पाने. तिसरे नाते लांबचे, पण मला फार मोलाचे वाटते. दक्षिण फिलिपिन्समध्ये कच्च्या माशाच्या किनिलाव या पदार्थात बियासोंग नावाचे जे रानलिंबू पिळतात, त्याच गटातले लिंबू आणि महाळुंग यांच्या संकरातून आपले रोजचे कागदी लिंबू आले, असे जनुकीय अभ्यासातून दिसून आले आहे.

मात्र बातुआनऐवजी कोकम वापरावे, असा सल्ला कोणी दिल्यास मी सहमत होणार नाही. प्रजाती एक असली तरी आमसुलाने रस्सा तांबूस-जांभळा होतो, त्याला सोलकढीचा वास येतो आणि आमसूल खारवलेले असल्याने मीठही बिघडते.

दोहावासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गोव्याहून वाळवलेली बिंबली मागवता येईल. ती मांसाला चालेल का?

प्रतिसाद : सागरिका

चालेल, पण तिचा खरा मेळ माशाशी किंवा कोलंबीशी आहे. रश्श्यासाठी तांदळाचे दुसरे धुवण घ्यावे, त्याने थोडा दाटपणा येतो. अळकुड्या आणि मुळा आधी शिजू द्यावेत, चवळीच्या शेंगा व नाळीची भाजी शेवटी. आंबट लवकर पडले तर कंद आणि दाणे मऊ व्हायला वेळ लागतो, म्हणून तुरीच्या दाण्यांच्या पदार्थात तर दाणा बोटाने चेपला जाईपर्यंत फळ घालूच नये. बिंबलीत ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असते आणि केरळात तिचा दाट रस पिऊन मूत्रपिंडाला इजा झाल्याची प्रकरणे नोंदली गेली आहेत. कालवणापुरती चार-सहा फळे घालण्यास हरकत नाही, परंतु घरात कोणाला मूत्रपिंडाचा विकार असल्यास त्यांच्यासाठी बिंबली घालण्याआधीच कालवण वेगळे काढून त्यात लिंबू पिळावे.