विषय: किल्ला पाहायचाय, तोक्योतच

नमस्कार मंडळी,
आई-बाबा पुण्याहून आलेत. बाबांचं एकच पालुपद, किल्ला दाखव. हिमेजीच्या किल्ल्याला जायचं तर शिंकान्सेनचं (बुलेट ट्रेनचं) भाडं आणि आईचे गुडघे, दोन्ही आडवे येतात. जवळपास काही आहे का?
– म., निशिकासाई

---

अहो, तुमच्या तोझाई लाइनवरच आहे की! ओतेमाचीला उतरा, पाच मिनिटांत ओतेमोन, एदो (म्हणजे जुन्या तोक्योच्या) किल्ल्याचा मुख्य दरवाजा. तिकीट नाही, फक्त बॅगा तपासतात. सोमवार आणि शुक्रवार टाळा, बंद असतं.

बाबांना पहिल्या दरवाजातून आत नेऊन तिथेच थांबवा. चौकोनी अंगण, समोर दगडी तट, आणि खरा मोठा दरवाजा काटकोनात वळल्यावर. त्याच्या डोक्यावर लांबलचक माडी, तिथून खाली मारा करायचा. रायगडाचा महादरवाजा बुरुजांच्या आड लपवलाय; इथे शत्रूला आत घेऊन कोंडायचं. माडीचा दरवाजा मात्र १९४५च्या बॉम्बहल्ल्यात जळाला, आताचा १९६७चा. जुन्या छपरावरचा वाघतोंड्या मासा अंगणातच मांडून ठेवलाय. त्यावर १६५७ साल कोरलंय, म्हणजे एदो जळालं तेच वर्ष.

त्या आगीत मुख्य बुरूजही गेला. आधी शहर उभं करा, असं शोगुनचे, म्हणजे तेव्हाच्या लष्करी शासकाचे, सल्लागार होशिना मासायुकींनी सांगितलं आणि तो पुन्हा बांधलाच नाही. आता नुसता चौथरा आहे. बुरूजच बघायचा तर फुजिमी-यागुरा, १६५९चा, तीन मजली. पुढे मुख्य बुरुजाचं काम त्यानेच केलं. आत सोडत नाहीत, पण बाहेरून बघूनही पोट भरतं.
– काका

---

काका, अस्सल दरवाजा सोडून नव्याची शिफारस? याच किल्ल्याच्या साकुरादामोनला न्या! चोवीस तास उघडा, त्याच नावाचं स्टेशन आहे. याच्याच बाहेर मार्च १८६०मध्ये शोगुनचे तैरो, म्हणजे सर्वोच्च मंत्री, ई नाओसुके मारले गेले. बर्फ पडत होता, म्हणून रक्षकांनी तलवारींच्या मुठींना पिशव्या बांधल्या होत्या. त्या सोडेपर्यंत हल्लेखोर पालखीपाशी पोचलेसुद्धा. आता त्याच दरवाजातून लोक जॉगिंग करत जातात, तेव्हा मध्येच फोटोला उभे राहू नका, धडकतात.
– श., मेगुरो

---

बाबांना दोन्ही हवेत, आणि पिशव्यांचा किस्सा ऐकल्यापासून साकुरादामोन जरा जास्तच. रविवारी दहाला ओतेमोनच्या बाहेर भेटू, पुढे आईसाठी टॅक्सी. काका, तुम्ही याच, ते चौथऱ्यावरून प्रश्न विचारून मला हैराण करतील.
– म.