इंडेक्स फंडवाल्या बोगल यांना खरंच नोकरीतून काढलं होतं?

नौपाडेकर: तलावपाळीच्या फेरीत आमचे एक काका रोज हेच सांगतात. मी म्हटलं पुडी आहे. वडापावची पैज लागलीय. कोणाला माहीत आहे?

ऐरोलीचा निवृत्त बँकवाला: पैज हरलात! १९७४च्या जानेवारीत वेलिंग्टन मॅनेजमेंट या अमेरिकी फंड कंपनीच्या संचालकांनी जॉन बोगल यांना घालवलं. दुसऱ्या कंपनीशी विलीनीकरण त्यांनीच घडवून आणलेलं, तेच अंगाशी आलं. पण ही कंपनी जे फंड सांभाळायची त्यांचं संचालक मंडळ वेगळं होतं आणि तिथं ते अध्यक्ष राहिले. त्या फटीतून त्याच वर्षी व्हॅनगार्ड ही नवी फंड कंपनी उभी केली. नाव घेतलं ब्रिटिश नौसेनानी नेल्सनच्या जहाजावरून.

मला खरी कमाल वाटते ती मालकीची. कंपनी फंडांच्या मालकीची, म्हणजे पर्यायाने गुंतवणूकदारांच्या. अब्जाधीश व्हायची वाट माणसाने स्वतःच बुजवली! आमच्या ब्रांचमध्ये कमिशनसाठी काय काय चालायचं ते आठवतं... जाऊ दे. १९७६ला सामान्य गुंतवणूकदारांसाठी पहिला इंडेक्स फंड आणला, म्हणजे बाजाराच्या निर्देशांकातलेच शेअर घेऊन ठेवणारा फंड; अपेक्षा १५ कोटी डॉलरची, जमले जेमतेम १ कोटी १३ लाख. लोक 'बोगलचा वेडेपणा' म्हणून हसायचे.

वाशीकर_ताई: हृदयाचा त्रास होता ना त्यांना?

ऐरोलीचा निवृत्त बँकवाला: हो ताई. पहिला झटका ३१व्या वर्षी, १९९६ला हृदय प्रत्यारोपण. गेले २०१९ला, वयाच्या ८९व्या वर्षी.

नौपाडेकर: बरं. उद्या काकांना कुंजविहारला नेतो. एकात भागणार नाही त्यांचं.